चार मीटरच्या आतला संसार

मुंबईत मोठी गाडी कशाला हवी, असे विचारले की प्रत्येक मराठी घर कोकणाचे नाव पुढे करते. आमच्याही घराने केले. वर्षाचे बाराही महिने जी गाडी विलेपार्ल्याहून अंधेरीच्या ऑफिसपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणार, तिची निवड मात्र गणपतीत गावच्या घराकडे उतरणाऱ्या लाल मातीच्या रस्त्यावर तिचे पोट घासते की नाही, या एकाच निकषावर करायची, असे एकमताने ठरले. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले, तेव्हा ‘आता रस्ता होतोच आहे’ या भरवशावर आम्ही साधी हॅचबॅक घेतली होती. आधी रस्ता पुरा होतो की गाडी, अशी ती शर्यत होती आणि ती गाडीने जिंकली.

मोठी गाडी घेण्याचे खरे कारण आईचे गुडघे होते. जुन्या गाडीत बसणे ही तिच्यापुरती बसण्याची क्रिया उरलीच नव्हती. आधी दरवाजाकडे पाठ करायची, मग देवाचे नाव घेऊन स्वतःला सोडून द्यायचे, आणि बाहेर येताना मी पुढून दोन्ही हात धरायचे व मुलाने मागून पाठीला रेटा द्यायचा, असा तो तीन माणसांचा प्रयोग झाला होता. एसयूव्हीची, म्हणजे उंच बांध्याच्या गाडीची, सीट घरातल्या खुर्चीच्या आसपासच्या उंचीला येते, त्यामुळे माणूस तिच्यात चढत नाही की उतरत नाही, नुसता सरकतो. एवढ्यासाठी लोक लाख-दोन लाख जास्त मोजत असतील तर ते अगदी योग्य करतात, असे माझे मत आहे. पण जाहिरातीत गुडघे दाखवता येत नाहीत, म्हणून डोंगर दाखवतात.

वस्तुतः कॉम्पॅक्ट एसयूव्ही या जातीचा डोंगराशी काही संबंध नाही. तिची कुळकथा अर्थमंत्रालयात सुरू होते, हे ज्ञान मला मेहुण्याकडून मिळाले. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क कमी केले, आणि तेव्हापासून या देशातल्या कितीतरी गाड्यांची मागची बाजू कारखान्याच्या आधी कायद्यात कापली जाते. नेक्सॉन, ब्रेझा, सोनेट, कायलॅक अशा चार निरनिराळ्या घराण्यांतल्या चार निरनिराळ्या चेहऱ्यांच्या गाड्या समोर उभ्या केल्या आणि टेप लावली, तर प्रत्येकीची लांबी ३,९९५ मिलिमीटर भरते. उरलेले पाच मिलिमीटर बहुधा सरकारी मोजणीतली चूक पोटात घालण्यासाठी राखून ठेवले असावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि या मर्यादांच्या आत अठरा टक्के, बाहेर चाळीस टक्के असा सरळ हिशोब झाला. पेट्रोलवरच्या ब्रेझाचे इंजिन १,४६२ सीसीचे असल्यामुळे ती लांबीने आत आणि इंजिनाने बाहेर राहते. चणीने लहान दिसणाऱ्या मुलाचे अर्धे तिकीट काढावे आणि टीसीने त्याच्या मिसरुडीवर बोट ठेवावे, तशी तिची गत आहे.

मेहुणा ठाण्याला राहतो आणि त्याच्याकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे गाड्यांविषयीची त्याची मते अतिशय शुद्ध आहेत. “भावोजी, बाकीचं सगळं नंतर, आधी स्टार किती ते विचारा,” हे त्याचे पहिले वाक्य असते. २०१८ च्या डिसेंबरात, गाड्या आपटून त्यांची सुरक्षितता जोखणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉन ही पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली, २०२३ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे भारत एनकॅप सुरू झाले, समोरच्या धडकेची ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतात, हे सर्व तो जेवताना, विशेषतः आमटी वाढली जात असताना, सांगतो. “पार्ल्यात चौसष्टचा वेग गाठून दाखव, मी तुला पाच स्टार देते,” असे त्याच्या बहिणीने त्याला ऐकवले. तरीही या एका मुद्द्यावर मी मेहुण्याच्या बाजूने उभा राहिलो, कारण पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर उजव्या लेनमध्ये निवांत चाललेले कंटेनर मी पाहिले आहेत आणि त्यांना ओलांडू पाहणारे वीरही पाहिले आहेत.

शोरूम कोणती, ते सांगत नाही. सगळीकडे तोच सोफा आणि तीच कॉफी असते. तिथल्या तरुणाने आम्हां चौघांकडे एकदा नजर टाकली, निर्णय कोणाच्या हातात आहे ते ओळखले आणि तो माझ्या मुलाशी बोलू लागला. मुलाला सनरूफ हवे होते. मुंबईत जून ते सप्टेंबर पाऊस असतो, ऑक्टोबरात घाम, थंडीत बांधकामांची धूळ आणि मार्चपासून पुन्हा ऊन. उरलेल्या दिवसांत छत उघडायला माझी काहीच हरकत नव्हती. आईला मात्र त्या तरुणाचे कौतुक वाटले, कारण त्याने तिला प्रत्येक गाडीत पुनःपुन्हा बसवून पाहिले आणि एकदाही घाई केली नाही. घाई त्याने कागदावर केली. एक्स-शोरूम किमतीच्या खाली महाराष्ट्राचा रस्ता कर येतो, तो पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत अकरा टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत बारा, डिझेलला दोन टक्के आणखी; दहा लाख ओलांडले की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच गोळा करायचा कर, जो पुढे प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो; मग स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा आणि तिसऱ्या पक्षाचा तीन वर्षांचा विमा. इथपर्यंत सरकार होते, म्हणून आम्ही गप्प होतो. त्याखाली ‘एसेन्शिअल किट’ नावाची एक ओळ होती आणि तिच्यात मॅट, मडफ्लॅप, दरवाजाच्या कडांना लावायच्या रबरी पट्ट्या, सुगंधी डबी आणि डॅशबोर्डवरची गणपतीची छोटी मूर्ती असा ऐवज होता. मूर्तीपुढे ‘कॉम्प्लिमेंटरी’ असे लिहिले होते. बायकोने पर्समधून पेन काढले आणि एकेका वस्तूवर काट मारत ती खाली आली; गणपतीपाशी थबकली, हात जोडले आणि त्याला तेवढा राहू दिला.

टेस्ट ड्राइव्ह पश्चिम द्रुतगती महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडवर झाली. टर्बो इंजिनाची खरी ताकद मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास जागी होते, असे तो तरुण सांगत होता. समोर बेस्टची बस, डावीकडे रिक्षा आणि उजवीकडे पाण्याचा टँकर अशा वातावरणात ती ताकद कूस बदलायची तेवढ्यात सिग्नल लागायचा. “सर, पिकअप फील झाला ना?” असे त्याने विचारले, तेव्हा एसीचा गारवा फार छान फील झाला, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

कागदावरचा शेवटचा आकडा पाहिल्यावर सेकंडहँड गाडीचा विचार कोणत्याही समंजस माणसाच्या मनात येतो. जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचल्या तर या शहरात गाड्या फक्त डॉक्टर बाळगतात आणि त्याही दवाखान्यात जाण्यासाठी वापरत नाहीत, असा समज होतो. दिल्लीच्या नंबरच्या गाड्या मोहात पडण्याइतक्या स्वस्त दिसतात, कारण तिकडे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची वयोमर्यादा अनेक वर्षे डोक्यावर टांगलेली होती. पण तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी, इथे नव्याने भरायचा कर आणि मग मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३०, शिवाय कर्जाची गाडी असेल तर बँकेचे पत्र आणि कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म ३५, ही यादी ऐकून तो मोह आपोआप ओसरला. मालाडच्या एका दलालाकडची एमएच-४७ नंबरची, पांढरी, खरोखरच एका डॉक्टरांची असलेली गाडी मात्र मनात भरली. पाहायला जाताना मी आमचा जोगेश्वरीचा मेकॅनिक बरोबर नेला होता.

मीटरवर एकतीस हजार किलोमीटर दिसत होते. मेकॅनिकने मीटरकडे पाहिलेच नाही. तो खाली वाकला आणि त्याने ब्रेकच्या पॅडलच्या रबरावरून अंगठा फिरवला. रबरावरच्या रेषा पार पुसून ते गुळगुळीत झाले होते. मग टायरच्या कडेवर उठवलेले चार आकडे त्याने मला वाचायला लावले. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. तीन टायर २०१९ चे होते आणि चौथा २०२३ चा. “एकच का बदलला?” असे त्याने दलालाला विचारले, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीट बेल्ट तो सावकाश बाहेर ओढू लागला. रोजच्या वापरात माणूस जेवढा बेल्ट ओढतो तेवढा स्वच्छ, करडा होता. त्यापुढे तो ओढतच राहिला, आणि अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चहाच्या डागासारखी एक तपकिरी आडवी रेघ दिसली. डिकीतले कार्पेट उचलून त्याने स्टेपनी बाजूला केली, तिच्या खाचेत बोट फिरवले आणि ते बोट माझ्यासमोर धरले. त्यावर पिठासारखा बारीक, वाळलेला गाळ होता.

“साहेब, ही गाडी पोहलेली आहे.”

“वॉशिंगचं पाणी राहिलं असेल,” दलाल म्हणाला.

“वॉशिंगला गाळ कुठल्या नदीचा वापरता?” मेकॅनिकने विचारले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईकर घर घेताना मजला कितवा ते विचारतो. गाडीच्या बाबतीत तो इतका सावध राहत नाही, आणि मिलन सबवे किंवा हिंदमाता इथे अर्धी बुडालेली गाडी पुढच्या दिवाळीपर्यंत धुऊन, पुसून, सुगंधी डबीसह पुन्हा बाजारात उभी राहते. पाण्यात बंद पडलेले इंजिन तिथेच पुन्हा चालू करायला गेल्यास ते आतून मोडते आणि साध्या विम्यात ते नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. डॉक्टरांनी ते घेतले नसावे. त्यातच मेहुण्याचा फोन आला की पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते, त्यामुळे त्याला न सरावलेली, एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी बघूच नका. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांची किंमत विचारली तर कर कमी झालेल्या नव्या गाडीपेक्षा ती फारशी खाली नव्हती, आणि कर्जाचा व्याजदर मात्र नव्या गाडीपेक्षा वर होता. सेकंडहँडचा विषय तिथे मिटला.

मात्र एअरबॅग, टर्बो आणि इथेनॉल ही सगळी चर्चा ज्या पाटीपुढे निरर्थक ठरली, ती आमच्याच इमारतीच्या आवारात होती. पुनर्विकासात आम्हांला कुंपणाच्या भिंतीलगत दुमजली स्टॅक पार्किंग मिळाले आहे आणि त्यातला खालचा कप्पा आमचा आहे. त्याच्या लोखंडी खांबावर ‘कमाल उंची १५५० मिमी’ अशी एक पत्र्याची पाटी आहे. नेक्सॉनची उंची १,६२० मिलिमीटर, कायलॅकची १,६१९, ब्रेझाची १,६८५. ज्या देशात गाडीची लांबी कायदा ठरवतो, तिथे उंची तरी आपल्या हातात असेल, हा भ्रम सेक्रेटरींनी टेप आणून दूर केला. ते निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत आणि टेप त्यांच्या खिशातच असते. मेहुण्याने रात्रभर जागून फ्रॉन्क्स नावाची गाडी शोधून काढली, जिची उंची बरोबर १,५५० मिलिमीटर आहे, आणि सकाळी सातला फोन करून “बसते!” असे जाहीर केले. सेक्रेटरींनी मान हलवली. “टायरमध्ये हवा जरा जास्त भरली गेली तर?” त्यांनी विचारले. हवा कमी ठेवू, असे मेहुणा म्हणाला. तेव्हा वरचा कप्पा हलताना किंचित खाली वाकतो, ही माहिती त्यांनी दिली आणि टेप मिटली.

वरचा कप्पा सहाव्या मजल्यावरच्या नानांचा आहे. त्यावर छप्पर नाही, थेट आकाश आहे, त्यामुळे तिथे कितीही उंच गाडी चालते. नानांकडे जुनी, बसकी सेडान आहे, ती खालच्या कप्प्यात आरामात मावते. अदलाबदल सोपी होती. अडचण इतकीच की खालची गाडी बाहेर काढल्याखेरीज वरची खाली येत नाही, म्हणजे आमची एसयूव्ही ऑफिसला निघणार की नाही ते यापुढे नाना ठरवणार होते. नानांनी अटी लेखी दिल्या. दुपारी दोन ते चार त्यांना उठवायचे नाही. त्यांच्या गाडीची दुसरी किल्ली आमच्याकडे राहील, पण सीट पुढे-मागे सरकवायची नाही आणि रेडिओचे स्टेशन बदलायचे नाही. गुरुवारी ते मठात जातात, त्या दिवशी ते परत येईपर्यंत आम्ही आमची गाडी वर चढवायची नाही. कमिटीच्या सभेत हा करार दोन तास वाचला गेला आणि मंजूर झाला. आम्ही पेट्रोलची नेक्सॉन बुक केली. मेहुण्याला स्टार मिळाले, सरकारला अठराच टक्के मिळाले, आणि आई तिच्यात सरकली. मुलाचे सनरूफ बायकोच्या पेनाखाली गेले.

डिलिव्हरीला अवकाश होता, म्हणून शोरूमच्या तरुणाने एका रविवारी डेमो गाडी आवारात आणून दाखवली. पार्किंगचे भागीदार या नात्याने नानांनाही बोलावले होते. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, उतरले, गाडीला एक प्रदक्षिणा घालून आले आणि पुन्हा बसले. नानांचे वय सत्तरीच्या पुढे आहे, हे मी या सगळ्या वाटाघाटींत विसरूनच गेलो होतो.

“अहो, यात वाकावं लागत नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी त्या तरुणाला हळू आवाजात किंमत विचारली. संध्याकाळी मी खाली उतरलो, तेव्हा सेक्रेटरींची टेप हातात घेऊन नाना खालच्या कप्प्यात वाकून उभे होते.