ती धून चोराची आहे

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे: ‘पिंक पँथर म्हणजे तो धांदरट गुप्तहेर. त्याच्यावर आधी कार्टून आलं, त्या कार्टूनसाठी ती विनोदी धून बांधली, आणि पुढे चित्रपटाने ती उचलली.’ यातलं एकही विधान खरं नाही.

धांदरट आहे तो इन्स्पेक्टर जॅक क्लूझो. पिंक पँथर हा हिरा. ब्लेक एडवर्ड्स यांच्या १९६३च्या ‘द पिंक पँथर’ या चित्रपटात तो राजकन्या डालाकडे असतो, आणि त्याच्या आतला डाग झेपावणाऱ्या पँथरसारखा दिसतो म्हणून त्याचं हे नाव.

कार्टून आधीचं नाही, नंतरचं. चित्रपटाच्या श्रेयनामावलीसाठी डीपॅटी-फ्रेलेंग यांच्या स्टुडिओने तो गुलाबी प्राणी काढला. लोकांना तो इतका आवडला की १९६४ साली त्याचा स्वतंत्र लघुपट निघाला आणि त्याला ऑस्करही मिळालं.

आता धून. ती ‘विनोदी’ म्हटलेली मला सगळ्यात जास्त लागते. हेन्री मॅन्सिनी यांनी ती लिहिली डेव्हिड निव्हनच्या पात्रासाठी, म्हणजे हिरा पळवायला निघालेल्या सभ्य, देखण्या चोरासाठी. ऐकताना लक्ष द्या: अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन स्वर, पहिला निसटता, दुसऱ्यावर पाय टेकलेला. मग थांबा. पुन्हा दोन पावलं, पुन्हा थांबा. अंधाऱ्या खोलीत माणूस असाच चालतो. त्यावर प्लास जॉन्सनचा टेनर सॅक्सोफोन येतो तो श्वासासकट, अगदी कानाशी कुजबुजल्यासारखा. त्यात हसवायला लावलेला एकही स्वर नाही. पडद्यावर क्लूझो झालेला पीटर सेलर्स धडपडत असतो आणि संगीत मात्र आपला डौल सोडत नाही, म्हणून तर हसू येतं. या संगीताला ऑस्करचं नामांकन होतं. पुरस्कार ‘मेरी पॉपिन्स’ला गेला. ग्रॅमी मात्र तीन मिळाले.

धून क्लूझोचीच, असं अजूनही वाटत असेल तर १९६४चा ‘अ शॉट इन द डार्क’ पाहा. क्लूझो त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, हिरा नाही, आणि ही धूनही नाही. मॅन्सिनींनी त्यासाठी वेगळंच संगीत केलं. १९७५च्या ‘द रिटर्न ऑफ द पिंक पँथर’मध्ये हिरा परतला, त्याच्यासोबत धूनही. पुढच्याच वर्षीच्या चित्रपटात हिरा नव्हता, तरी नाव आणि धून दोन्ही ठेवली गेली. गोंधळ सुरू झाला तो तिथून.