‘ब्रिटिश गाडी तेल गळणारच’ म्हणणाऱ्यांनो, आधी ब्रीदर बघा

एमजी मिजेट, एमजीबी यांसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांबद्दल एक सल्ला सतत फिरत असतो : ‘या गाड्या तेल गळायच्याच. ब्रीदरची मॅनिफोल्डला जाणारी नळी काढा, तोंड बुजवा, छोटा फिल्टर लावा. इंजिन स्वच्छ राहील.’ ब्रीदर म्हणजे क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीतला गॅस बाहेर काढायची वाट; मॅनिफोल्ड म्हणजे सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग. या सल्ल्यापायी चांगली इंजिनं खराब होतात, म्हणून लिहितोय.

‘गळायच्याच’ हे आधी घेऊ. मिजेटच्या ए-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागच्या टोकाला रबरी सीलच नाही. शाफ्टवर आटे कापलेत, ते फिरताना तेल आत ढकलतात. क्रँककेसमधला दाब वाढला की आट्यांचं काही चालत नाही. पिस्टन रिंगांमधून थोडा गॅस खाली उतरतोच, अगदी नव्या इंजिनातही. त्याला नीट वाट मिळाली नाही की तो तेल घेऊन मागून निघतो आणि क्लच भिजतो. मग लोक गाडीच्या जातीला दोष देतात.

‘फिल्टरनं वाट मिळतेच की.’ वाट मिळते, ओढ मिळत नाही. मॅनिफोल्ड, किंवा नंतरच्या एमजीबीत एसयू कार्ब्युरेटर, क्रँककेसमधून गॅस हलकेच ओढून घेतात आणि त्या जागी ताजी हवा येते. तिच्याबरोबर पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल बाहेर जातं. ही ओढ तोडलेल्या, थंडीत जवळच्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑइलचं झाकण उघडा : आत पिवळट, लोण्यासारखा थर दिसेल. ते तेलात घुसळलेलं पाणी आहे.

‘नळीतून घाण आत जाते’ यात थोडं तथ्य आहे. रिंगा झिजल्या असतील तर तेल ओढलं जातं, प्लग काळे पडतात. पण मग काम रिंगांचं आहे, नळीचं नाही. शिवाय एमजीबीच्या पुढच्या टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनाच्या बाजूचं झाकण, जिथून ही नळी निघते) तेल अडवायला तारेची जाळी असते. मी उघडलेल्या एका कव्हरात तिचा डांबरासारखा गोळा झाला होता. फुंकर मारली तरी हवा पलीकडे जाईना. रात्रभर रॉकेलमध्ये ठेवल्यावर तारा दिसल्या.

काही गाड्यांत मॅनिफोल्डची ही ओढ आवरायला एक व्हॉल्व्ह असतो. ‘तो व्हॉल्व्ह कायम बिघडतो’ म्हणणाऱ्यांनी तो तपासलेला क्वचितच असतो. मॅनिफोल्डवर स्मिथ्सचा व्हॉल्व्ह असलेल्या गाडीत इंजिन गरम करून आयडलिंगला ठेवा आणि ऑइलचं झाकण काढा. वेग साधारण २०० आरपीएमनं वाढला तर व्हॉल्व्ह ठीक. काहीच फरक नाही पडला तर खोलून साफ करा, डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) बघा.

आणि ऑइलचं झाकण बदलताना जपा. काही झाकणांतूनच हवा आत येते. जिथे ती रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या आवरणाच्या) बारीक भोकातून मोजून घेतलेली आहे, तिथे बंद झाकणच हवं. उघडं लावलंत तर मिश्रण पातळ होईल, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.