त्या नारळावर हात ठेवायला लावणाऱ्यांनो

सकाळपासून वाडीच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ फिरतोय. देवळाच्या पायरीवर सोललेला नारळ, शेंडी तेवढी ठेवलेली, आणि घरटी एकेक माणूस वाकून त्यावर हात ठेवून एकाच उमेदवाराला मत द्यायची शपथ घेतोय. मागून आवाज, "शब्द फिरवलात तर देव बघून घेईल." आणि खाली अंगठेच अंगठे!

फॉर्म भरण्याआधी उमेदवाराने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं तर घालू दे. होडी लोटताना, लग्न ठरवताना आपणही घालतोच. पण गाऱ्हाण्यात माणूस देवाकडे मागतो. इथे देवाच्या नावाने माणसाला दम भरलाय.

आणि ही निव्वळ दांडगाई आहे असंही समजू नका. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(२): देवाचा कोप होईल असं मतदाराच्या मनात भरवणं हा भ्रष्ट आचार. धर्माच्या नावाने मत मागण्याचं कलम वेगळं, १२३(३). त्यात नुसता उमेदवाराचा नाही, मतदाराचा धर्मही धरायचा, हे सुप्रीम कोर्टाने २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन असं ठरवलं. प्रश्न निघाला होता सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून. सत्तावीस वर्षं!

वीस मोबाईल वर होते, पण सी-व्हिजिल, म्हणजे निवडणूक आयोगाचं तक्रारीचं ॲप, एकानेही उघडलं नाही. आता ग्रुपवरचा व्हिडिओ तिथे चालत नाही, ॲपमधूनच जागेवर काढावा लागतो. निवड रद्द करायची तर वाट निवडणूक याचिकेची. हायकोर्टात, निकालापासून ४५ दिवसांत. तारीख, जागा, शपथ घालणाऱ्यांची नावं, सगळं त्यात लिहायचं आणि हे उमेदवाराच्या किंवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने झालं तेही सिद्ध करायचं. घोडं अडतं ते इथे. व्हिडिओत सगळे पाठमोरे. आवाज कुणाचा ते शेंबडं पोरही सांगेल, पण साक्षीला कोण उभा राहणार? शिमग्यात पालखीला खांदा त्यांच्याच बरोबर द्यायचाय. हे मलाही कळतं.

पण रांगेतली ती तिसरी आजी. हात ठेवताना पदर डोक्यावर ओढून घेतलान तिने. दुपारी विचारत होती, "मत दुसऱ्याक दिलंय तर देव कोपतलो काय रे?"

नाही गो आजी. मत दिलंस की मशीनची चिठ्ठी काचेत सात सेकंद दिसते, ती तुलाच. मग आतल्या पेटीत पडते. नारळवाल्यांना त्यातलं काही कळत नाही.

तरी तिला झोप लागायची नाही, म्हणून गुरवांना एकच विनंती. उद्या त्याच पायरीवर उभे राहून सांगा: बा देवा म्हाराजा, ज्या लेकरांका ह्या नारळावर हात ठेवूक लावल्यांनी, त्येंका मोकळा कर रे म्हाराजा!

व्हय म्हाराजा म्हणायला मी येतो.