डिक्सी डीनचे ६० गोल ट्रॅनमियरचे नव्हेत

नाशिकच्या फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. इंग्लंडचा जुना फुटबॉलपटू डिक्सी डीन याने एका हंगामात ६० गोलचा विक्रम ट्रॅनमियर रोव्हर्स या इंग्लिश क्लबकडून खालच्या विभागात केला, म्हणून त्याची किंमत कमी, असा त्याचा सूर आहे. हे साफ चुकीचं आहे.

ते ६० लीग गोल १९२७-२८ मध्ये एव्हर्टन क्लबकडून, इंग्लंडच्या पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागात झाले. ट्रॅनमियर त्याने मार्च १९२५ मध्येच सोडलं होतं. तेव्हा तो जेमतेम १८ वर्षांचा होता, आणि तिथे ३० लीग सामन्यांत २७ गोल करून निघाला होता.

ट्रॅनमियरमधूनच पुढे आलेल्या पाँगो वेअरिंगला मेसेजमध्ये ‘किरकोळ’ म्हटलंय, हे मला जास्त खटकलं. १९३०-३१ मध्ये त्याने अॅस्टन व्हिलासाठी ४९ लीग गोल केले, तेही पहिल्याच विभागात!

खालच्या विभागातला पराक्रम हवाच असेल तर बनी बेलचं नाव घ्या. २६ डिसेंबर १९३५, ओल्डहॅमविरुद्ध ट्रॅनमियर १३-४ ने जिंकलं. एकट्या बेलचे नऊ गोल, वर एक पेनल्टी हुकली ती वेगळीच. चार महिन्यांच्या आत ल्यूटन क्लबच्या जो पेनने एकाच सामन्यात दहा गोल करून तो विक्रम मोडला.

आणि ट्रॅनमियरचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू यांपैकी कोणीच नाही. तो मान इयन मुइरचा. १९८५ ला आलेला हा गडी दहा वर्षं तिथेच खेळला. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सरावाला येणाऱ्या पोरांना मुइर माहीत असायला हवा.