उर्दानेता आणि जपमाळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सोळाव्या शतकातील स्पॅनिश दर्यावर्दी आणि पुढे ख्रिस्ती साधू झालेल्या आन्द्रेस दे उर्दानेतावरील माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, फिलिपिन्सहून मेक्सिकोला परतण्याची वाट आधी आरेयानोने शोधली, ‘तुमचा पाद्रीबुवा जहाजावर जपमाळ ओढत बसला होता’ आणि असल्या भाटगिरीने वसाहतवादावर पांघरूण पडते. पहिली दुरुस्ती मान्य आहे. उर्दानेताच्याच मोहिमेतील ताफ्यापासून वेगळे झालेले कप्तान आरेयानोचे ‘सान लुकास’ जहाज 1565 च्या ऑगस्टमध्येच परतले होते, याचा उल्लेख मी करायला हवा होता. परंतु ‘पाद्रीबुवा’ आणि ‘भाटगिरी’ हे शब्द कोणत्या अभ्यासातून आले, हे आपण सांगितलेले नाही.

आता जपमाळेविषयी. उर्दानेता 1525 मध्ये लोआइसाच्या स्पॅनिश ताफ्याबरोबर निघाला, तेव्हा तो सतरा वर्षांच्या आसपासचा पोरगा होता. मोलुक्का बेटांवर (आजच्या इंडोनेशियातील मसाल्यांची बेटे) अनेक वर्षे काढून तो 1536 मध्ये युरोपात परतला. ऑगस्टिनियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाची दीक्षा त्यानंतर कित्येक वर्षांनी, मेक्सिकोत. मठात गेलेल्या या माणसाला स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने 1559 मध्ये पत्र लिहून मोहिमेवर जाण्यास सांगितले. जप करणारे त्याच्या राज्यात कमी होते काय? स्पॅनिश कप्तान सावेद्राने 1528 आणि 1529 मध्ये मेक्सिकोला परतण्याचे दोन प्रयत्न केले, पुढे 1543 आणि 1545 मध्येही जहाजे माघारी वळली, कारण पूर्वेकडून येणारा वारा त्यांना पुढे सरकू देत नव्हता. 1 जून 1565 रोजी फिलिपिन्समधील सेबूहून निघालेले उर्दानेताचे जहाज ‘सान पेद्रो’ नैर्ऋत्येचा वारा धरून उत्तरेला जवळजवळ चाळीस अंशांपर्यंत चढले, तिथे पश्चिमेचा वारा मिळाला आणि 8 ऑक्टोबरला ते मेक्सिकोतील आकापुल्कोला लागले. वाटेत सोळा माणसे दगावली. त्यांत मुख्य पायलट एस्तेबान रोद्रिगेसही होता. कप्तान फेलिपे दे साल्सेदो कोवळ्या वयाचा होता. मग वाऱ्याचा हिशेब कोणी केला, तुम्हीच सांगा.

मी 19 वर्षे व्यापारी जहाजांवर डेक अधिकारी होतो, योकोहामाहून कॅलिफोर्नियाला अनेकदा गेलो आहे. उत्तर प्रशांतातला तो वारा पाठीवर घेतलेल्या माणसाला ‘जपमाळ’ हा शब्द सुचत नाही. तो खुर्चीत बसूनच सुचतो.

वसाहतवादाचा मुद्दा माझ्या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे, त्यात मी शिरणार नाही. वाऱ्यांविषयी आक्षेप असेल, तर तारीख आणि अक्षांश देऊन लिहा. टोमण्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.