वाडा बघायला येताय? मग एवढं कराच

विश्रामबाग वाड्यात यायचं ठरवलंत, फार छान. नाहीतरी तुळशीबागेत तीन तास बांगड्या आणि कढया बघून पाय भरून येतातच, आणि वाडा काय, समोरच. परवाच्या रविवारी भाचीला घेऊन गेलो होतो, तेव्हा निम्मं पुणं याच हिशेबाने तिथे टेकलेलं होतं. नवख्यांची गैरसोय नको, म्हणून या चार सूचना.

गाडी थेट दारासमोर लावा. दर्शनी बाजूचं सागवानी कोरीवकाम झाकलं जाईल, पण ते कैक वर्षं तिथेच आहे. तुम्हाला मात्र पंधरा मिनिटांत लस्सी प्यायला जायचंय. बाजीराव रस्ता एकेरी आहे म्हणतात. म्हणू देत.

आत शिरताच 'काका, मला वाचवा' अशी आरोळी ठोका. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात झाला, १७७३ साली. हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला, त्यानंतर तीसेक वर्षांनी. पण ज्याला हे ठाऊक आहे तो तुमचा रील बघणारच नाहीये, तेव्हा बिनधास्त ओरडा.

मस्तानीची खोली कुठली, हे जरूर विचारा.

आता मुख्य काम, खांब. सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आहेत, वर उलटी लटकणारी केळफुलं. कुण्या कारागिराने एकेक पाकळी पटाशीने सोडवलेली. साग टणक असतो, त्यामुळे नखाने वेळ घालवू नका, गाडीची किल्ली वापरा. परवा एका मुलाने तेच केलं. जीभ दातांत धरून बदाम कोरत होता. चित्रकलेच्या तासाला एवढं मन लावलं असतं तर बाई रडल्या असत्या. मधेच फुंकर मारली, पिवळट भुसा स्वतःच्याच बुटावर पडला, तो दुसऱ्या पायाने पुसला. मी म्हटलं, "अरे, काय करतोयस?" बरोबरची मुलगी फिसकन हसली. तो मान वर न करता म्हणाला, "काका, आधीच एवढी नावं आहेत, अजून एकाने काय होतंय?" आणि बदामातला बाणही पुरा केला. खांबाला तोंड असतं तर 'काका, मला वाचवा' त्यानेच म्हटलं असतं. आणि काकांनी काय केलं? काका घरी येऊन लेख लिहीत बसले.

काय होतंय म्हणे! १८७९ च्या मे महिन्यात हा वाडा पेटवला गेला होता. त्याच सुमारास बुधवार वाडाही जळाला. तो आज शोधून दाखवा. हा उरला, कारण तेव्हाच्या लोकांनी वर्गणी काढून जळका भाग पुन्हा उभा केला. मोबाईलच्या हप्त्यातून नव्हे, पोटाला चिमटा काढून. १८२१ साली इंग्रजांनी काढलेली संस्कृत पाठशाळा याच वाड्यात भरायची. त्या पोरांनाही नावं होती, हातही होते. आणि आम्ही? आम्ही पिचकारीसाठी जिन्याचा कोपरा हेरतो. कोपऱ्यात देवाची फरशी लावली की शेजारचा कोपरा हेरतो.

रोज पुण्याच्या वारशाचे फोटो पाठवणाऱ्यांनो, हसताय काय? त्या पोराच्या मागे तुम्ही सहा-सात जण उभे होतात. चांगले शिकलेले, इस्त्रीचे कपडे घातलेले. एकाच्याही तोंडून साधं 'ए' फुटलं नाही. उलट फोटोत कोरीवकाम नीट यावं म्हणून मलाच म्हणालात, "काका, जरा बाजूला होता का?"

नाही होणार. आणि ती किल्ली आधी खिशात घाला.