रवा हलवला की वारा कसा येईल रे?

आमच्या ग्रुपवर रोज सकाळी एक जण गूढ शब्दकोडं टाकतो आणि बाकीच्यांनी रात्रीपर्यंत सोडवायचं, आणि मी डोंबिवलीहून लोकलमध्ये एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने ते सोडवत असते. कालचं बघा. 'रवा हलवला की झुळूक (२)', कंसात उत्तरातली अक्षरं किती ते. उत्तर म्हणे वारा! अरे, रवा मध्ये काना एकच, वाऱ्यात दोन, दुसरा कुठून आणलास? विचारलं तर म्हणतो 'चालतं गं, मराठीत अॅडजस्ट करायचं'. नाही चालत! अक्षरं हलवायची तर काना-मात्रेसकट हलवायची, 'रवा उलटा केला, आठवड्यात सात मिळाले (२)' म्हणजे वार, हे कसं चोख बसतं.

परवा तर 'पाऊस पडला की आठवते (४)', उत्तर कांदाभजी. ह्यात शब्दांचा खेळ कुठाय? छत्रीपण आठवते, बंद पडलेली लोकलपण आठवते. लंडनच्या पेपरांत १९२० च्या दशकापासून ही कोडी येतायत आणि साधी अट आहे, एका टोकाला अर्थ, उरलेल्या भागात उत्तराची अक्षरं जुळवायची रीत, म्हणजे उत्तर दोन्हीकडून पटतं. मराठीत हे सुंदर जमतं हो! 'अर्धा मोठा भाऊ आणि भाव, इथे गाडी बदला (३)'. दादातला दा, भाव म्हणजे दर, दादर! हे सुटलं तेव्हा मी गर्दीत जोरात 'दादर' ओरडले, दोघी उतरायला पुढे सरकल्या.

असं कोडं घाला ना. नाहीतर माझा घाटकोपरपर्यंतचा वेळ तरी खाऊ नका.